ओळख कामात असते की भिंतीवरच्या पाटीत? (समकालीन कलावंत, संस्कृती आणि जागा)

रेघोट्या

कुठल्याही मोठ्या समकालीन प्रदर्शनाचं माहितीपत्रक उघडा. ओळख, संस्कृती, स्थान हे तीन शब्द पहिल्या पानावर नसतील तर छपाईत राहून गेले असं समजायचं. प्रत्येक कलावंत आपल्या मुळांचा शोध घेत असतो आणि आपण मान डोलावत पुढच्या दालनात सरकतो.

विषयाबद्दल माझी तक्रार नाही. पण या विषयावरची जी कामं डोक्यातून जात नाहीत, त्यांत ओळख साहित्यातच, म्हणजे ज्या वस्तूंतून काम घडवलंय त्या वस्तूंतच, मुरलेली असते असं मला दिसतं. काम कशाचं केलंय आणि कसं केलंय, यातच सगळं येतं. बाकीच्या कामांत ती शेजारी भिंतीवर लावलेल्या माहितीच्या पाटीवर असते. पाटी काढा, काम कुणाच्याही नावावर खपेल.

उदाहरण देतो. मायकल राकोवित्झ हा न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला कलावंत. आईकडचं घराणं बगदादच्या ज्यूंचं, १९४०च्या दशकात इराक सोडून आलेलं. २०१८ साली त्याने लंडनच्या ट्राफल्गार चौकातल्या चौथ्या चौथऱ्यावर लमासू उभा केला: माणसाचं डोकं, बैलाचं धड, पाठीवर पंख. मूळ लमासू इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारापासून इराकमधल्या प्राचीन निनेवे शहराच्या नेरगल वेशीवर पहारा देत होता. २०१५ मध्ये आयसिसने तो फोडला. राकोवित्झने तो पुन्हा घडवला तो खजुराच्या पाकाच्या साडेदहा हजार डब्यांच्या पत्र्यातून. दुरून रंगीत खवले दिसतात. जवळ गेलं की कळतं, ही डब्यांवरची छापील चित्रं आणि अक्षरं आहेत.

आता डबेच का? राकोवित्झला न्यूयॉर्कमधल्या एका दुकानात असा डबा मिळाला होता. वर नाव लेबनॉनचं, आत माल इराकी. आधी निर्बंध, मग तपासण्यांचा जाच. इराकचं नाव लावून माल बाहेर पाठवणं इतकं जिकिरीचं, की पाक सीरियात डबाबंद व्हायचा आणि लेबनॉनचा म्हणून पुढे जायचा. म्हणजे स्वतःचं नाव लपवून देशोदेशी फिरलेल्या वस्तूतून त्याने फोडलेला रक्षक उभा केला. एकही पाटी न वाचता यातलं अर्धं तरी पोचतं, कारण डबे डोळ्यांसमोर असतात.

दुसरं नाव यिंका शोनिबारे. जन्म लंडन, १९६२, बालपण लागोसला. डोकं नसलेले पुतळे करतो, अंगावर व्हिक्टोरियन थाटाचे कपडे. कापड मात्र भडक 'आफ्रिकन' छापाचं. त्या कापडाची कुळकथा अशी की इंडोनेशियातल्या बाटिकची यंत्रावरची नक्कल डच कारखानदारांनी एकोणिसाव्या शतकात बाजारात आणली. ती खपली पश्चिम आफ्रिकेत, आणि तिथे इतकी रुळली की आज तेच अस्सल आफ्रिकन म्हणून ओळखलं जातं. शोनिबारेने हे कापड आणलं कुठून, तर लंडनच्या ब्रिक्स्टन बाजारातून!

तुमच्याकडची उदाहरणं येऊ द्या. पटत नसेल तर भांडायलाही हरकत नाही.

वाचनमात्र

रुमाल ठेवतोय. सावकाश वाचतो.

निळीशाई

छान धागा. मी मुद्राचित्रण करते (ठसा कोरून कागदावर छापायची चित्रं), म्हणून माझ्या गल्लीतलं नाव: झरीना. (आडनाव हाश्मी, पण ती नुसतं झरीना लावायची.) जन्म अलीगढ १९३७, मृत्यू लंडन २०२०. मधली वर्षं बँकॉक, पॅरिस, बॉन, टोकियो, न्यूयॉर्क अशी कितीतरी गावं. फाळणीनंतर कुटुंबही पाकिस्तानात गेलं.

तिचा २००१ सालचा 'डिव्हायडिंग लाइन' हा काष्ठठसा (लाकडी ठोकळा कोरून घेतलेला छाप) बघा. कागदावर एक काळी, वेडीवाकडी, वरून खाली उतरणारी रेघ. भारत-पाकिस्तानची सीमा. बस, एवढंच. नाव नाही, गाव नाही.

आता हे लाकडावर कसं होतं ते सांगते, कारण खरी गंमत तिथे आहे. काष्ठठशात जो भाग उंच राहतो त्यालाच रुळावरची शाई लागते. म्हणजे काळी रेघ छापायची असेल तर रेघ कोरायची नसते. रेघेच्या दोन्ही बाजूंची सगळी जमीन पटाशीने खरवडून काढायची आणि रेघ तेवढी शिल्लक ठेवायची. हात सतत चालतो तो सीमेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या मुलखावर. खरवडूनही जे बारीक कंगोरे उरतात त्यांना थोडी शाई लागतेच, आणि कागदावर तुटक ओरखडे उमटतात. ज्याने कधी पटाशी धरलीय त्याला हे बघताना मनगटात कळ जाणवते.

तिचाच १९९९ चा 'होम इज अ फॉरेन प्लेस' हा ३६ काष्ठठशांचा संच. प्रत्येकात एक साधी भौमितिक आकृती आणि खाली उर्दूत एकेक शब्द: घर, उंबरठा, दार, भिंत, अंगण असे. घराचा आराखडा म्हणून सुरुवात होते आणि बघता बघता ऋतू, आकाश, अंतर असं पसरत जातं.

रेघोट्या, तुमचं म्हणणं माझ्या क्षेत्रात तरी शंभर टक्के खरं.

खडूस

सगळे गोड गोड बोलताहेत, म्हणून जरा मीठ.

१. डबे बघून अर्धं पोचतं म्हणता, पण कुणाला? ज्याला लमासू ठाऊक आहे त्याला. ट्राफल्गार चौकातल्या बाकीच्या लोकांना रंगीत बैल दिसला. कापडाचंही तेच. डच-इंडोनेशिया भानगड तुम्ही कुठेतरी वाचलीत म्हणून कळली, ती कापडावर छापलेली नव्हती. म्हणजे पाटी लागलीच की. तुम्ही ती आधीच वाचून आला होतात, इतकंच.

२. ओळख हा आता धंदा आहे. अमुक देशाची बाई म्हटलं की तिने विस्थापनावरच काम करायचं. तमुक जमातीचा माणूस म्हटलं की त्याने परंपराच दाखवायची. गोऱ्या अमेरिकन पुरुषाने पिवळा चौकोन काढला तर तो चौकोन. तोच चौकोन दुसऱ्या कुणी काढला की लगेच 'वाळवंटाची स्मृती'! क्युरेटरला (प्रदर्शन रचणाऱ्याला) पाटीवर लिहायला काहीतरी हवं असतं, आणि कलावंतालाही पोट असतं.

चांदणचुरा

खडूसराव, दुसऱ्या मुद्द्याला +१. पहिल्याला नाही.

चौकोनाचंच घेऊ. मार्क ब्रॅडफर्ड हा कृष्णवर्णीय अमेरिकन चित्रकार, २०१७ ला व्हेनिस बिएनालेत (दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन, त्यात देशोदेशीची दालनं असतात) अमेरिकेचं दालन त्याच्याकडे होतं. चित्रं अमूर्त आहेत. माणूस नाही, चेहरा नाही, झेंडा नाही. मोठमोठ्या कॅनव्हासवर फिकट अर्धपारदर्शक चौकटींच्या रांगा. हे चौकोन म्हणजे केस कुरळे करताना टोकांना गुंडाळतात ते पातळ कागद. त्याच्या आईचं लॉस एंजेलिसमध्ये केशभूषेचं दुकान होतं आणि तोही तिथे काम करायचा. कागदाच्या कडा जाळून त्याने त्यांना काळपट रेघ आणली आणि ते ओळीने चिकटवले. बघणाऱ्याला वाटलं तर हे शहराचे नकाशे, वाटलं तर नुसती जाळी. कुणी पिवळा चौकोन म्हणून बघितलं तरी चित्राचं काही बिघडत नाही.

आणि मोना हातूम. कुटुंब पॅलेस्टिनी, जन्म बैरुत १९५२. १९७५ ला लंडनला फिरायला गेली असताना लेबनॉनमध्ये यादवी पेटली आणि ती तिथेच अडकली. आता ही कहाणी बाजूला ठेवून तिचं २००२ चं 'ग्रेटर डिव्हाइड' बघा. तीन पाखांची घडीची किसणी, पण माणसाच्या उंचीची! कपडे बदलायला आडोसा म्हणून ठेवतात ना, तशी उभी. आडोशाला जावं तर अंग सोलून निघेल. यावर पाटी काय लावणार? लावली तरी ती मागाहून येते. आधी कातडीला समजतं.

रेघोट्या

@खडूस: पहिला मुद्दा घेतो. माहिती लागते हे मान्यच. कुठल्या कामाला लागत नाही? पण माहितीने कामाचं काय होतं हा फरक आहे. शोनिबारेच्या कापडाची कथा कळली की तुम्ही परत जाऊन ते कापडच निरखता, घडी, छापा, चमक. नुसत्या पाटीवर चालणाऱ्या कामात माहिती कळली की बघायचं संपतं.

धंद्याबद्दल मात्र वाद नाही. २०२४ च्या व्हेनिस बिएनालेचं शीर्षकच 'फॉरेनर्स एव्हरीव्हेअर' होतं, क्युरेटर ब्राझीलचे आद्रियानो पेद्रोसा. मुख्य दालनाचा दर्शनी भाग अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या हुनी कुइन लोकांच्या माहकू या गटाने रंगवला. अमेरिकेच्या दालनात जेफ्री गिब्सन, एकट्याने अमेरिकेचं प्रतिनिधित्व करणारा पहिला मूलनिवासी कलावंत. सोनसिंहांपैकी (बिएनालेचे सर्वोच्च पुरस्कार) एक न्यूझीलंडच्या माओरी स्त्रियांच्या मताहो गटाला, दुसरा आर्ची मूरला. आता याला उशिरा आलेला न्याय म्हणा, नाहीतर बाजाराची नवी हवा म्हणा. मला दोन्ही एकाच वेळी खरं वाटतं, आणि त्यात मूरचं काम लहान होत नाही.

मुक्काम_पोस्ट

आर्ची मूरबद्दल सविस्तर लिहा ना कुणीतरी. नुसतं 'वंशावळ काढली' एवढंच ऐकलंय.

रेघोट्या

लिहितो. मूर हा ऑस्ट्रेलियातल्या कामिलारोई आणि बिगाम्बुल लोकांचा. ऑस्ट्रेलियन दालनाच्या भिंती आणि छत शाळेतल्या फळ्यासारखं काळं केलं आणि पांढऱ्या खडूने हाताने स्वतःची वंशावळ लिहिली. खाली ओळखीची नावं. वर जाताना गोऱ्या कारकुनांनी, मानववंशशास्त्रज्ञांनी नोंदवलेले शब्द, काही सरळ शिव्या. आणखी वर नातेसंबंधांचे मूळ भाषांतले शब्द. असं करत ६५ हजार वर्षांचा पल्ला. छतावर पोचेपर्यंत अक्षरं इतकी बारीक आणि दाट होतात की वाचता येत नाहीत, आकाशातला धुरळा होतात. मधेमधे काळी भोकं सोडलीत. जिथे कत्तल, साथ किंवा जाळलेली नोंदवही, तिथे नावंच नाहीत.

दालनाच्या मध्यभागी उथळ पाण्यावर पांढरं मेज, त्यावर सरकारी कागदांचे गठ्ठे. मूलनिवासींच्या कोठडीतल्या मृत्यूंच्या चौकशीचे अहवाल, नावं काळी करून झाकलेली. मेजापर्यंत जाता येत नाही, पाणी आडवं येतं. काठावरून वाकून जेवढं दिसेल तेवढं.

खडू हे साहित्य बघा. बोट फिरवलं की पुसलं जाणारं.

निळीशाई

आणि खडू-फळा म्हणजे ज्या शाळेने त्या मुलांना त्यांची भाषा विसरायला लावली तिचंच सामान. ग्रेट.

मुक्काम_पोस्ट

धन्यवाद. आता माझ्याकडून ऑस्ट्रेलियाचंच एक. इथे ते कलादालनापेक्षा कोर्टाच्या जवळचं आहे.

ग्रेट सँडी वाळवंटातल्या ङुर्रारा लोकांनी जमिनीच्या हक्काचा दावा लावला होता. कायद्याच्या इंग्रजीत आपली जमीन आपली कशी हे सांगताना त्यांची दमछाक व्हायची. म्हणून १९९७ साली चाळीसेक ज्येष्ठ स्त्री-पुरुष एकत्र आले आणि त्यांनी ८ मीटर बाय १० मीटरचं एकच चित्र रंगवलं. प्रत्येकाने आपापल्या पाणवठ्याचा भाग रंगवला, ज्याचा हक्क त्याचा कुंचला. मग न्यायाधिकरणाच्या लोकांना वाळवंटात बोलावलं, चित्र जमिनीवर पसरलं आणि एकेक जण आपल्या तुकड्यावर उभा राहून आपल्या भाषेत बोलला. अमुक पाणवठा माझ्या वडिलांचा, त्याची गोष्ट अशी, तिथे जायची वाट अशी. २००७ मध्ये त्यांचा हक्क मान्य झाला.

सातबाराच की हो, फक्त त्यावर उभं राहता येतं!

तेव्हा खडूसकाका, 'परंपरा दाखवायची' हे प्रत्येक वेळी क्युरेटरसाठी नसतं. कधी ते सरकारसाठी पुरावा म्हणून असतं.

खडूस

हे आवडलं. कोर्टात चाललेलं चित्र म्हटल्यावर आपली बोलती बंद.

तरी एक शंका. वाळवंटातल्या चित्रकारांचं काम शहरात लिलावात जातं तेव्हा ते 'सुंदर अमूर्त चित्र' म्हणूनच विकलं जातं ना? ऑस्ट्रेलियाची मूलनिवासी चित्रकर्ती एमिली क्ङ्वारेये हिचं उदाहरण घ्या. सत्तरी ओलांडल्यावर कॅनव्हासवर आली, १९९६ ला गेली, आठेक वर्षांत प्रचंड काम. लोक तिची तुलना अमेरिकन अमूर्तवाद्यांशी करतात, जे तिने पाहिलेलेही नसावेत. ती तर तिच्या गावकुसातल्या रताळ्यासारख्या कंदाची मुळं आणि त्याच्या बिया रंगवत होती. कंद ज्या जमिनीत, त्या जमिनीची देखभाल आणि विधी तिच्याकडे. विकत घेणाऱ्याला त्यातलं काय मिळालं?

चांदणचुरा

भिंतीला शोभेल असा रंग मिळाला. :)

गंमत सोडा. मला वाटतं तिने स्वतः काय रंगवलं हे विकत घेणाऱ्यावर ठरत नाही. पण प्रेक्षकाचा प्रश्न खरा आहे. कारा वॉकर या कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंत स्त्रीने २०१४ ला ब्रुकलिनच्या डॉमिनो साखर कारखान्यात, तो पाडण्याआधी, साखरेने मढवलेली महाकाय स्त्री बसवली. स्फिंक्ससारखी बैठक, डोक्याला दासीचं फडकं, लांबी ७५ फुटांच्या आसपास. साखर आणि गुलामगिरी यांचं नातं, कारखान्याच्या भिंतींवर दशकानुदशकं साचलेला काकवीचा थर, तो वास, सगळं तिथे हजर. आणि कित्येक बघे काय करत होते, तर त्या स्त्रीच्या अवयवांना चिमटा काढतोय अशा पोझ देऊन फोटो! वॉकरने प्रेक्षकांचंही चित्रीकरण करून ठेवलं होतं. ते नंतर वेगळं काम म्हणून दाखवलं. रेघोट्यांच्या हिशेबाने साहित्य शंभर नंबरी होतं. तरी हे झालं.

रेघोट्या

झालं खरं. साहित्य बोलतं म्हणजे समोरचा ऐकतोच असं नाही.

मुक्काम_पोस्ट

जागेचा मुद्दा मागे पडतोय. जागा हा काही चित्राचा नुसता विषय नसतो, काम कुठे उभं आहे यावर ते काय आहे हे ठरतं. सॅम ड्युरांट या गोऱ्या अमेरिकन कलावंताचं 'स्कॅफोल्ड' आठवतंय का? अमेरिकन इतिहासातले सात फाशीचे सांगाडे एकत्र करून बांधलेला लाकडी मंच. त्यात १८६२ सालचा मॅनकाटोचाही होता, जिथे डकोटा या मूलनिवासी जमातीच्या ३८ पुरुषांना एकाच वेळी फाशी दिलं. २०१२ ला तो जर्मनीत कासेलच्या डॉक्युमेंटा या प्रदर्शनात होता. लोक वर चढून बघायचे. डकोटांकडून विचारणा व्हायचा प्रश्नच नव्हता, ते तिथे नव्हतेच.

२०१७ मध्ये तोच मंच अमेरिकेत मिनियापोलिसला एका संग्रहालयाच्या शिल्पबागेत उभा राहू लागला. जमीन डकोटांची, मॅनकाटो दीडेक तासाच्या अंतरावर, आणि ज्यांचे पूर्वज त्या दोरावर गेले त्यांची मुलं शाळेच्या सहलीने या बागेत येणार. एकाही डकोटा माणसाला आधी विचारलेलं नव्हतं. कुंपणाला फलक लागले, आंदोलन झालं. ड्युरांट आणि संग्रहालय डकोटा ज्येष्ठांबरोबर बसले, मंच डकोटांच्या देखरेखीखाली उतरवला गेला आणि ड्युरांटने त्या कामाचे हक्कच त्यांना देऊन टाकले. लाकूड जाळायचं ठरत होतं, शेवटी पुरलं.

काम तेच, लाकूड तेच, हेतूही वाईट नव्हता. तरी कासेलला जे शिल्प होतं ते मिनियापोलिसला फाशीचा मंच झालं.

निळीशाई

बापरे. हे माहीत नव्हतं.

याच्या बरोबर उलटं, जागेनुसार स्वतःहून बदलणारं एक काम आहे: दो हो सुह. जन्म सोल, १९६२. वडील चित्रकार, त्यांनी बांधलेलं पारंपरिक कोरियन घर. अमेरिकेत राहायला गेल्यावर सुहने ते घर पोपटी-हिरवट झिरझिरीत रेशमात शिवलं, १:१ मापात. खिडक्यांच्या जाळ्यांपर्यंत सगळं टाक्यांत. घडी केली की सुटकेसमध्ये मावतं. १९९९ ला लॉस एंजेलिसमध्ये पहिल्यांदा टांगलं तेव्हा नाव 'सोल होम / एल.ए. होम'. पुढे ज्या ज्या शहरात गेलं त्याचं नाव शीर्षकाला जोडलं गेलं: न्यूयॉर्क, बाल्टिमोर, लंडन, सिअ‍ॅटल... शीर्षकच आता प्रवासी पेटीवरच्या चिकटपट्ट्यांसारखं लांबलचक.

नंतर त्याने न्यूयॉर्कमधल्या भाड्याच्या घराचं याहून चिवट काम केलं. अख्खं घर आतून कागदाने मढवलं आणि रंगीत पेन्सिलीने घासून प्रत्येक वस्तूचा ठसा घेतला. स्विच, बिजागऱ्या, शेगडीच्या चकत्या, नळ. मुद्राचित्रकार म्हणून सांगते, हे ठसे घेताना वस्तू डोळ्यांपेक्षा बोटांनाच जास्त कळते. खिळ्याचं डोकं कागदाखालून बोटाला लागतं तेव्हाच समजतं की इथे खिळा होता.

खडूस

झिरझिरीत रेशमाचं घर फोटोत फार सुंदर दिसतं, म्हणूनच मला त्याचा थोडा संशय येतो. विरह एवढा देखणा असावा का? पेन्सिलीचं घासकाम मात्र पटलं. त्यात घाम आहे.

चांदणचुरा

देखणेपणाचा राग हा स्वतंत्र धाग्याचा विषय, खडूसराव. काढाच तुम्ही.

कुणाचं दुःख कुणी हाताळायचं हाही प्रश्न मुक्काम_पोस्ट यांच्या उदाहरणात अर्धवट राहिलाय. २०१७ लाच न्यूयॉर्कच्या व्हिटनी बिएनालेत डेना शुट्झ या गोऱ्या चित्रकर्तीने एमेट टिलच्या (१९५५ साली गोऱ्यांनी ठार मारलेला कृष्णवर्णीय मुलगा) शवपेटीचं चित्र लावलं आणि गदारोळ झाला. काहींचं म्हणणं, चित्र नष्ट करा. मला ते टोक मान्य नाही. पण शवपेटी उघडी ठेवायचा निर्णय टिलच्या आईचा होता, जगाने बघावं म्हणून. फोटोत तो चेहरा आहे. शुट्झच्या चित्रात त्या जागी रंगाचे जाड, मुरडलेले फटकारे आहेत. आईने जे लपवू दिलं नाही ते रंगाने पुन्हा झाकलं, हा आक्षेप मला चित्रकर्तीच्या वर्णापेक्षा जास्त वजनदार वाटतो. आणि बघा, हाही साहित्याचाच आक्षेप आहे.

रेघोट्या

चांदणचुरा, हा मुद्दा मी कुठेच असा मांडलेला वाचला नव्हता. टाळ्या.

वाचनमात्र

सगळं वाचून काढलं. सुंदर चर्चा. एक बाळबोध प्रश्न: ही बहुतेक कामं प्रत्यक्ष बघायला मिळणं कठीण. माझ्यासारख्याने घरी पडद्यावर बघायची तर कुठून सुरुवात करावी? फोटोत डबे आणि ठसे काही कळणार नाहीत असं तुम्हीच म्हणताय.

चांदणचुरा

मुळात पडद्यासाठीच केलेल्या कामापासून करा. हातूमचं १९८८ चं 'मेझर्स ऑफ डिस्टन्स', पंधरा मिनिटांचं. बैरुतहून आईने लेकीला लिहिलेली अरबी पत्रं. पत्रांचं हस्ताक्षर पडद्यावर आडव्या जाळीसारखं पसरलेलं आणि त्याच्यामागे हळूहळू कळतं की आई नहाते आहे, लेकीने काढलेले फोटो आहेत ते. वडिलांना हे फोटो काढणं आवडलं नव्हतं, तेही पत्रात येतं.

हेडफोन लावूनच बघा. आवाजाचे दोन थर आहेत. पुढे हातूम पत्रांचं इंग्रजी एकसुरात वाचते आणि मागे मायलेकी अरबीत खिदळत गप्पा मारत असतात. लॅपटॉपच्या स्पीकरवर मागचा थर पार बुडतो.